हवा असताना

शेवटच्या साध्या दिवशी मायलेकींचं वाजलं ते सुपावरून.

"हे सूप आहे की फरशी पुसलेलं पाणी?" आई म्हणाली. हिरड्यांतून रक्त येत होतं, तोंडाला फोडांचा आंबूस वास होता, पण जिभेची धार शाबूत होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, टाक्यांबरोबर टोमणेही मारले.

लेकीनं तो वास नाकात जाऊ नये म्हणून मान वळवली आणि विषय बदलायला प्रयोगशाळेतलं सांगू लागली. ब्लड कॅन्सरच्या पेशी चपट्या बाटलीत ठेवायच्या. त्यात कोबाल्टचं गुलाबी पाणी घालायचं. बाटलीत प्राणवायू असतो, पण कोबाल्टमुळे पेशींना वाटतं तो संपला. मग त्या आपणहून मरतात.

"हवा असताना?"

"हवा असताना."

"शी! केसानं गळा कापता की गं. मारायचं तर सरळ मारा."

"तुझ्याच रोगाच्या पेशी आहेत त्या, आई. दया कसली दाखवतेस?"

"दया नाही. किळस येते खोटेपणाची." आईनं चमचा खाली ठेवला. "मग हे औषध मला का नाही देत?"

"माणसाला ते विष आहे. अजून बाटलीतच चालतं."

"बरं. मग माझं काय ते सांग. आणि गोड बोलू नकोस, तुझी मावशी बोलते तेवढं पुरे."

सकाळीच डॉक्टरांनी लेकीला दवाखान्यातल्या खोलीबाहेर नेऊन सांगितलं होतं की आता उपाय उरला नाही. मावशीनं बजावलं होतं, तिच्या कानावर जाता कामा नये.

"बरी होशील," लेक म्हणाली.

घाईत घातलेली कच्ची शिवण बघावी तसं आईनं तिच्याकडे बघितलं. मग मुकाट्यानं सूप प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मास्कमधून प्राणवायू येत होता, आणि ती हवेसाठी तडफडत होती.

आठवड्यानं लेक कामावर आली. आईनं जायच्या दोन-चार दिवस आधी प्रयोगासाठी रक्त दिलं होतं, वर म्हणाली होती, "घ्या, माझ्या चिंध्या कुणाच्या कामी आल्या तर बऱ्याच." त्या पेशी अजून जिवंत होत्या.

"हा प्रयोग दुसऱ्या कुणाला सांगतो," प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

"मीच करते."

"या पेशींची तब्येत तर बघ! इतक्या सहसा टिकत नाहीत..." आणि सरांनी जीभ चावली.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल, तुकतुकीत, पोट भरलेल्या. खाऊ म्हणून घातलेला वासराच्या रक्तातला रस पिऊन सुस्तावलेल्या. आईच्या पोटात चमचाभर सूप ठरत नव्हतं, आणि ही बांडगुळं इथे उबेत मजेत होती. तिला त्यांची किळस आली. हातमोजा घट्ट ओढून तिनं गुलाबी थेंब सोडले.

दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. पेशी आक्रसल्या होत्या, अंगावर फोड उठून त्यांचे तुकडे पडत होते. प्रयोग साधला होता. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण किळस काही ओसरेना. ती आता पेशींची नव्हती. ती स्वतःच्या तोंडाची होती, त्या दोन शब्दांची.

खोलीत कुणी नव्हतं. पेशी ठेवायच्या उबदार कपाटाची घरघर तेवढी चालू होती.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "तू बरी होणार नव्हतीस. मला माहीत होतं."