बत्तीस पंजे

शाळेच्या चित्रकलेच्या बाई दुपारी दोनला बेकरीच्या मागच्या दाराने आल्या. हातात पत्र्याचा मोठा ट्रे, कपाळावर पीठ, आणि मागे आमची नात बटण. बटण म्हणजे तिसरीतली, वीतभर उंचीची, पण आव असा की शाळा तिनेच काढली आहे.

"आजी, हात लावू नकोस, ओलं आहे."

ट्रेवर कणकेचे बत्तीस पंजे होते. वर्गातल्या प्रत्येक पोराने मैदा, मीठ आणि पाणी एकत्र मळून लाटलं होतं, त्यावर आपला हात दाबला होता आणि तळव्यात घरचा धंदा काडीने कोरला होता. 'आपलं गाव, आपले हात' असं नाव देऊन ते शाळेच्या दाराजवळच्या भिंतीवर लावायचे, असा बाईंचा बेत. शाळेत भट्टी कुठली असणार? म्हणून आमच्याकडे.

"मीठ किती घातलंत?" मी विचारलं.

"पिठाच्या निम्मं, आजी."

"मग उंदीरसुद्धा तोंड लावायचे नाहीत. द्या इकडे."

सकाळचा माल निघाला होता, भट्टी उतरणीला लागली होती. भट्टीचा ताव बघायची आमची जुनी पद्धत आहे. तोंडातून हात आत धरायचा आणि मोजायचं. वीसपर्यंत मोजता आलं तर पाव, पन्नासपर्यंत आलं तर बिस्किटं. मी सत्तर मोजले तेव्हा पंजे आत सरकवले. थोरला, म्हणजे माझा मुलगा, मैद्याची पोती उतरवून घेत होता. तो म्हणाला, "आई, भट्टी काय खेळायला आहे?" मी म्हटलं, "तू त्याच शाळेत तीनदा नापास झालास, तेवढे उपकार फेडू दे."

पंजे बाहेर निघाले तेव्हा मी एकेक हातात घेऊन पाहिला. शिंप्याच्या पोराची कात्री, डॉक्टरांच्या मुलीची सुई. एकावर वाकडातिकडा गोळा होता.

"हा बटाटा कुणी काढला?"

"तो पाव आहे!" बटण रडवेली झाली आणि तासभर माझ्याशी बोलली नाही.

मग एक पंजा हाताला लागला आणि मी खिडकीपाशी गेले. बाकीच्यांना बोटांच्या कडांना चिरा गेल्या होत्या. ह्याला एक चीर नाही. कणीक अशी मळलेली की भाजल्यावर गारगोटीसारखी गुळगुळीत. तळव्यात एक गोल चकती, तिच्यावर आडव्याउभ्या रेघा.

"बाई, ही पोर कोण? बिस्किटवाल्याची का? हिला माझ्याकडे पाठवा. मळणं हातात असावं लागतं, ते हिच्या हातात आहे. आमच्या घरात चार पिढ्या पीठ मळतात, आणि नात बटाटे काढते."

बाई हसल्या, बोलल्या काहीच नाहीत. त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं, असं पुढे बाजारभर लोक म्हणाले. सांगितलं असतं तर मी अख्खा ट्रे तसाच परत पाठवला असता. ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

ते बिस्किट नव्हतं. गटाराचं लोखंडी झाकण होतं.

गावातली गटारं उपसणारी वीसएक घरं नाल्यापलीकडे राहतात. बापाने उपसली म्हणून मुलाने उपसायची. आमच्या बेकरीचं गटार दर आठवड्याला तुंबतं, पीठ जातं ना त्यात. गटारवाला यायचा, कमरेपर्यंत उतरायचा, गाळ काढायचा आणि मागच्या दाराशी फडकं पसरून उभा राहायचा. मग मी वरून पाव टाकायचे. हातात कधी दिला नाही. माझ्या सासूने नाही दिला, मीही नाही दिला. पाव कधीकधी फडक्याबाहेर पडायचा. तो उचलून, झटकून म्हणायचा, "नेम चुकला, मालकीणबाई," आणि हसायचा. मीही हसायचे. मला वाटायचं, आमचं बरं चाललंय.

ती पोर त्याची. नाकावर तीळ म्हणून ठिपकी. सरकारने सक्ती केली म्हणून शाळेत बसते, असं बाजारात म्हणायचे.

भिंतीवर पंजे लागले त्या दिवशी आईबापांना बोलावलं होतं. शिंपी आपल्या पोराची कात्री बघायला गेला आणि शेजारच्या पंज्याखालची नावाची चिठ्ठी वाचून थांबला. तिथून तो सरळ बेकरीत आला. गिऱ्हाइकं उभी होती, तरी आवाज चढवूनच बोलला.

"काय हो मालक, हल्ली गटारवाल्यांची कणीकपण तुमच्याकडेच भाजता का? पावाआधी की पावानंतर, तेवढं सांगा. आम्ही त्या हिशोबाने खाऊ."

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. एका बाईने घेतलेले पाव परत फळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळचा अर्धा माल तसाच उरला. तिसऱ्या दिवशी दुपारी फळ्या भरलेल्याच होत्या आणि दुकानात माशा. त्यात सूनबाई थोरल्याला सहज म्हणाली, "पोरीने केलं छान होतं पण." त्याने हातातलं वजन भिंतीवर फेकलं. भिंतीचा गिलावा निघाला.

मग तो शाळेत गेला. शिंपी बरोबर, लोखंडाच्या दुकानाचा मालकही बरोबर. पुढचं मला बटणने सांगितलं. ती वर्गात होती.

थोरल्याने भिंतीवरून तो पंजा ओढून काढला, वर्गात आणला आणि फरशीवर आपटला. फुटला नाही. पोर चिवट मळणारी. मग त्याने टाचेने चिरडला. बाई मध्ये आल्या तर त्यांना असा धक्का दिला की त्या फळ्यावर आदळल्या, चष्मा फुटला आणि भुवईतून रक्त आलं. एकतीस पोरं बाकांखाली शिरली. ठिपकी तेवढी उभी राहिली, कारण पंजा तिचा होता.

"बाप कुठंय तुझा?"

"कामावर."

"कुठं?"

"तुमच्याच मागच्या गल्लीत, काका."

काका म्हणाली ती त्याला. त्याने तिच्या कानशिलात मारली. ती पडली आणि उठून परत उभी राहिली. मग बटण बाकाखालून ओरडली, "बाबा, तिला मारू नका!" त्याने ऐकलं नाही.

गटारवाल्याला त्यांनी गटाराच्या खळग्यातूनच ओढून काढलं. गाळाने माखलेला, काठी अजून हातात. तीच काठी हिसकावून पाठीवर घातली. मी गल्ल्यावर होते. त्याला मानेला धरून आत आणताना पाहिलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो लादीचा. आत्ताच पुसली होती.

"पोरीने भट्टी बाटवली, बापाने घासायची," शिंपी म्हणाला. "सगळ्या बाजाराला दिसू दे, मग लोक पाव घेतील."

दारात माणसं जमली होती. बहुतेक आमचीच गिऱ्हाइकं.

संध्याकाळच्या मालासाठी भट्टी नुकतीच पेटवून निखारे ओढून काढले होते. पाव लावायच्या आधी मी हात धरून पाहिला होता आणि आठपर्यंत मोजून मागे घेतला होता. गटारवाल्याने ओलं गोणपाट काठीला बांधलं, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून घासायला लागला. वाफेने त्याचा चेहरा दिसेना.

"बाहेरून काय कुरवाळतोस? आत शीर," थोरला म्हणाला.

तो वळला. आधी त्याला ती थट्टाच वाटली. "मालक, लाल आहे ती. उद्यापर्यंत निवू द्या. मी दिवसभर आत बसून घासतो, विटा चाटून देतो म्हणालात तर तसं. पोरीला माफ करा, लहान आहे."

"उद्या पाव कोण घेईल, तुझा बाप?"

मग गटारवाला माझ्याकडे बघायला लागला. मला ती नजर कळली. वीस वर्षं पाव टाकत होते मी त्याला. माझ्या मागे लाकडी परातींत पीठ फुगून काठावर आलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर आंबून बसलं असतं. मी म्हणाले, "काय ते लवकर आटपा रे. पीठ उतू चाललंय."

एवढंच म्हणाले. मी थांबा म्हटलं असतं तर थोरला थांबला असता. चाळिशी उलटली त्याची, पण माझ्या आवाजाला तो अजून दचकतो. तो माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते म्हणून. मी आटपा म्हणाले.

तिघांनी उचलला आणि डोक्याकडून आत घातला. पाय झाडत होता. थोरल्याने लोखंडी झाकण लोटलं आणि पाठ लावून उभा राहिला. आतून आवाज आला तो माणसाचा नव्हता. दारातली माणसं मागे सरली, पण एकही पुढे आला नाही. किती वेळ ते मला विचारू नका. मी मोजत नव्हते.

सूनबाई वरून जिना उतरून धावत आली. तिने पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं उचललं आणि नवऱ्याच्या डोक्यात घातलं. तो खाली बसला. तिने झाकण नुसत्या हातांनी ओढलं. तिच्या तळव्यांची कातडी झाकणाला चिकटून राहिली. त्या हातांनी तिने गटारवाल्याचे पाय धरून त्याला बाहेर खेचला. एवढीशी बाई. आम्ही बाकी सगळे धडधाकट उभे होतो.

मी त्याच्याजवळ गेले तेव्हा तो उताणा होता आणि त्याच्या हातांवर काही उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी इस्पितळात त्याने प्राण सोडला.

तोवर बाजाराने गोष्ट तयार ठेवली होती. तो प्यायलेला होता, धुराडं साफ करायला आपणहून शिरला, आमच्या सूनबाईने जिवावर उदार होऊन काढला. शिंप्याने दारातल्या सगळ्यांची वाक्यं बेतून, टाके घालून दिली होती. थोरला माझ्या पायाशी येऊन बसला. डोक्याला पट्टी होती. "आई, तू फक्त मान हलव. तुझ्या शब्दापुढे फौजदार जायचा नाही."

खरंच गेला नसता. ह्या गावात माझ्या शब्दाला वजन आहे, आणि त्याचा मला ताठा होता.

मी आधी नाल्यापलीकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा. त्याची बायको दारात बसली होती, ठिपकी तिच्यामागे. मला बसा म्हणाली नाही. का म्हणेल?

"मी म्हटलं, बघून यावं," मी म्हणाले.

"बघा."

"त्याने काही... शुद्धीवर आला होता का?"

"आला होता की. दोन दिवस बोलत होता." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणाला, मालकीणबाई थांबवतील असं वाटलं होतं. म्हणाला, त्यांना पिठाची घाई होती."

ती ओरडली असती, मला नाल्यात ढकललं असतं, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. जन्मात कुणाचं बोलणं ऐकून घेतलेलं नाही मी. तिथे मात्र उभ्याउभ्या ऐकून घेतलं.

"पोलिसात काय सांगणार तुम्ही?" तिने विचारलं.

ठिपकी माझ्याकडे बघत होती. गालावर थोरल्याची बोटं अजून निळी होती.

दुसऱ्या दिवशी चौकीत फौजदाराने कागद माझ्यापुढे सरकवला. आधीच लिहून तयार. थोरला, शिंपी आणि लोखंडवाला बाकावर ओळीने बसले होते, लग्नाला आल्यासारखे कपडे घालून.

"आजी, इथं सही करा. वाचायची गरज नाही, उगाच डोळ्यांना त्रास."

"डोळे ठीक आहेत माझे. वाचा मोठ्यांदा."

त्याने वाचलं. प्यायलेला होता, आपणहून शिरला. मी कागदाची घडी घातली, दोनदा फाडला आणि तुकडे त्याच्या चहाच्या पेल्यात टाकले.

"तो प्यायलेला नव्हता. गटारात प्यायलेला माणूस उतरत नाही, मरतो. दुसरा कागद घ्या."

"आई!" थोरला उठला. "मी तुझा मुलगा आहे."

"म्हणून तर. परका असतास तर तुझ्या मनातलं मला कसं कळलं असतं? तू मला विचारत होतास, आणि मी हो म्हणाले. बस खाली."

शिंपी पुटपुटला, "म्हातारीचं डोकं फिरलंय."

"फिरलंय खरं. तुझी कात्री इतकी वर्षं माझ्या घरचे कपडे बेतत होती, तेव्हाच फिरायला हवं होतं." मग मी फौजदाराला म्हणाले, "लिहा. उचलणारे तिघे, हे बसलेत. झाकणाला पाठ लावणारा एक, हा माझा. दारात उभं राहून बघणारे तेवीस, मी एकेक नाव सांगते, सगळे रोज पाव नेणारे आहेत, मला पाठ आहेत. आणि लवकर आटपा म्हणणारी एक. तिच्यापासून सुरुवात करा."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. "आजी, असं लिहिलं तर तुम्हालाही आत घ्यावं लागेल. घरचा कर्ता आत जाईल, बेकरी बंद पडेल. तुमच्या वयाला..."

"माझ्या वयाला खुर्ची लागते, ती आहे. अडचण कसली?"

सूनबाई दारात आली होती, दोन्ही हातांना पट्ट्या, कडेला बटण. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. बटणला घेऊन माझ्या शेजारच्या बाकावर बसली.

"मलाही सांगायचंय," बटण म्हणाली. "शाळेतलं."

"सांग हं. आधी माझं होऊ दे."

फौजदाराने नवा कागद घेतला. माझं नाव लिहिलं. मग विचारलं, मुलाचं संपूर्ण नाव?

ते मी आधी एकदाच कुणाला लिहून घ्यायला सांगितलं होतं, त्याला शाळेत घातलं तेव्हा. तसंच आताही सावकाश सांगितलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आणि आडनाव. काना-मात्रा चुकू नये म्हणून एकेक अक्षर सोडवून.