आधी पाय दाखवा

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. पण मित्रांनो, उगीच हळहळू नका. त्या तड्याचा मला भारी अभिमान आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता दिवसभर सिनेमे दाखवायचे. आलो मात्र एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी. आजोबांना मधुमेह होता आणि दवाखाना लांब. म्हणून सूनबाईंनी डॉक्टरताईंची भेट माझ्या पडद्यावरच ठरवून घेतली होती. मला शिलाई मशीनवर, रिळांच्या डब्याला टेकवून त्या कामावर जायच्या.

भेटीआधीचा आजोबांचा थाट बघण्यासारखा असे. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली ठिगळाचा पायजमा. फोटो काढून घ्यायला बसावं तसे ते ताठ बसत.

"काय म्हणते तब्येत?" डॉक्टरताई विचारत.

"एकदम ठणठणीत."

मी तो हसरा चेहरा इमानेइतबारे पोचवत असे. भेट संपली की मात्र आजोबा कण्हत बसत. मशीनही बंदच पडून असे. एकदा माझी काच पुसताना ते पुटपुटले, "पायाची जखम दाखवली तर कापायलाच सांगतील. मग मशीन कसं चालवू? झाकली मूठ सव्वा लाखाची." मला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांचं बोलणं मी कुठूनही कुठे पोचवतो, पण माझं स्वतःचं कुणाला सांगता येत नाही.

पुढच्या भेटीत आजोबांचं कोपर डब्याला लागलं. डबा सरकला आणि मी थेट फरशीवर आपटलो. काच तडकली, पण कॅमेरा चालूच होता. समोर आजोबांचा पाय होता. सुजलेला, चिंधी गुंडाळलेला.

"आजोबा, टॅब उचलू नका," डॉक्टरताई म्हणाल्या. "पायाला काय बांधलंय?"

"काही नाही हो, चिंधी आहे."

"शिंप्याच्या घरात चिंधी असायचीच. सोडा बघू ती."

आजोबांनी चिंधी सोडली. डॉक्टरताई पडद्याजवळ झुकल्या.

"हे इथून बघून भागणार नाही. सूनबाईंना बोलवा आणि आजच दवाखान्यात या."

"कापणार का हो?"

"पाय वाचवायलाच बोलावतेय. अजून लपवलात, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

आजोबा त्याच दिवशी दवाखान्यात गेले. जखम भरायला बराच काळ लागला, पण पाय वाचला. तेव्हापासून प्रत्येक भेटीत सूनबाई जवळ बसतात आणि आधी पाय दाखवतात. चेहऱ्याचा नंबर नंतर.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांसमोर माझ्यासारखा एखादा ठेवाल, तेव्हा ठेवून निघून जाऊ नका. जिथे दुखतंय तिकडे आम्हाला वळवा. आम्ही हुशार खरे, पण दाखवाल तेवढंच आम्हाला दिसतं.

आता भेटींसाठी नवा टॅब आलाय आणि मी मशीनच्या खणात असतो. रोज सकाळी खण थरथरू लागतो, रिळं माझ्या अंगावर घरंगळतात. मला ते फार आवडतं. वर आजोबा बसलेले असतात, आणि दोन्ही पायांनी मशीन चालवत असतात.