फरांगीसच्या चित्रांतले साहेब

रश्त शहरातल्या फरांगीसने आयुष्यात एकच साहेब जवळून पाहिला होता, तो म्हणजे तिचे बाबा. अंजली बंदरावरचे जकात अधिकारी. आता निवृत्त झाले होते, पण घरातसुद्धा त्यांच्यापुढे चहा ठेवायचा तो अदबीनेच. त्यामुळे ती साहेबलोकांची चित्रं काढायला बसली, तेव्हा प्रत्येकाला बाबांचंच नाक आलं आणि बाबांचीच मिशी. एक साहेब इतक्या उंच खुर्चीत बसलेला, की पाय जमिनीला टेकेनात. दुसऱ्याच्या छातीवर पदकांच्या जागी तळलेली अंडी. तिसरा कलिंगडावर 'नामंजूर'चा शिक्का मारतोय.

प्रदर्शन लागलं आणि लोक पोट धरधरून हसायला लागले. बाबांना मात्र तिने सांगितलं होतं, "फुलाफळांची चित्रं आहेत." कलिंगड होतंच म्हणा!

दोनेक दिवसांत सरकारी कचेरीतून बेहबूदी नावाचे गृहस्थ आले. "बाई, हा मोठ्या माणसांचा अपमान आहे. संध्याकाळपर्यंत सगळं उतरवा, नाहीतर दाराला कुलूप लागेल."

तेवढ्यात काठी टेकत बाबाच आत आले. कोपऱ्यावरच्या रोटीवाल्याने चुगली केली होती. ते एकेका चित्रापुढे थांबत गेले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं फरांगीसला झालं.

"तुम्हीच सांगा, आगा," बेहबूदी म्हणाले, "हा अपमान नाही?"

"आहे की. पण कोणाचा?"

"साहेबलोकांचा!"

बाबा खुर्चीतल्या साहेबाशेजारी उभे राहिले आणि मान वळवून नाक दाखवलं. "हा मी. अंडीवाला तोही मीच. लेक माझी, मिशी माझी, तुम्हाला का मिरच्या झोंबल्या? की तुमच्या कचेरीत कोणी असा दिसतो? नाव सांगा, हात जोडून माफी मागतो."

बेहबूदी नाव घेणार कोणाचं? मागे एक बाई फिसकन हसली, मग सगळेच. बेहबूदींनाही हसू आवरेना.

"ते अंडीवालं तेवढं उतरवा," ते पुटपुटले. "मलाही वर काहीतरी सांगावं लागतं." आणि गेले.

घरी जाताना बाबा काठी जोरजोरात आपटत चालले होते.

"रागावलात?"

"मग काय नाचू? अख्खं गाव हसलं मला." थोडं चालून ते म्हणाले, "पण खोटं नाही काढलंस. लोक दारात ताटकळायचे आणि मला वाटायचं, बंदर माझ्याच जिवावर चाललंय."

फरांगीसने त्यांचा हात धरला. त्यांनी तो झिडकारला नाही.

"कान चुकलेत पण," ते म्हणाले. "आठवणीतून काढलंस ना? उद्या समोर बसतो. गणवेशाला इस्त्री करून ठेव."

"तुमची इस्त्री तुम्ही करा, साहेब!"

सकाळी बाबा ताठ मानेने तिच्यापुढे येऊन बसले. इस्त्री त्यांनीच केली होती, कॉलर चांगली बोटभर करपली होती. फरांगीसने आधी करपलेला रंग कालवायला घेतला.