खुर्चीवरचं बोंड

मॉरीनने खुर्चीवरचं वाळकं काटेरी बोंड चिमटीत धरून उचललं, खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि हुश्श करून ती त्या रेशमी खुर्चीत बसली.

"कुणाचं काय राहिलंय बघा. टोचलं असतं ना एखाद्याला!"

दिवाणखान्यातले पाहुणे हसू दाबत छताकडे बघू लागले. लोकांना बघायला खुल्या ठेवलेल्या अशा जुन्या घरांत ‘बसू नका’ असं कुणी म्हणत नाही. खुर्चीवर बोंड ठेवतात, येणाऱ्याला कळतं. ज्याला कळत नाही, तो पहिल्यांदाच आलेला असतो.

शेकोटीपाशी लॉरेन उभी होती. छातीवर नावाचा नवा बिल्ला. पाहुण्यांना माहिती सांगण्याचा तिचा पहिलाच दिवस. हे तिने आईला सांगितलं होतं, ये मात्र म्हणाली नव्हती. आणि घराची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस ऑल्डरिजनी तिला निवडलं, तेव्हा त्यांना तिने सांगितलं होतं, की लहानपणी दर सुट्टीला आई मला अशी घरं दाखवायला न्यायची. आई तर दर सुट्टीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात असायची.

मॉरीन तिच्याकडे बघून हसली. हात अर्धा वर गेला, तेवढ्यात मिसेस ऑल्डरिज आत आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि लॉरेनपाशी येऊन हळूच विचारलं,

"या बाई तुझ्या ओळखीच्या का गं? तुझ्याकडेच बघताहेत."

लॉरेनने बिल्ला सरळ केला. तो सरळच होता.

"नाही."

आवाज जरा मोठाच निघाला. मॉरीनचा अर्धा उचललेला हात केसांकडे वळला. गुडघ्यांवर भार देत ती उठली. बोंड परत खुर्चीवर ठेवलं, नीट मधोमध.

"माफ करा हं, मिस. गुडघे ऐकत नाहीत हो माझे." मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून म्हणाली, "या कोण?"

लॉरेनने सांगितलं. पाठ केलेलं सगळं सांगितलं. मॉरीन मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत राहिली, ‘छान’ म्हणाली आणि शेजारच्या जेवणघरात गेली.

"एकट्याच आलात?" तिथल्या म्हाताऱ्या माहितगाराचा आवाज आला.

"मुलगी येणार होती. कामात अडकली बिचारी."

"किती गोड बाई," मिसेस ऑल्डरिज म्हणाल्या. "जा, चहा घेऊन ये तू. मी थांबते इथे."

चहाची वाट जेवणघरातूनच होती. लॉरेन दारापर्यंत गेली. आईची पाठ दिसत होती. नव्या कोटाच्या कॉलरमागे दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. लॉरेनचा हात ती काढायला पुढे झाला.

मग ती वळली. भिंतीच्या नक्षीत लपलेलं अरुंद दार तिने ढकललं, आणि मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून पूर्वी नोकरमाणसं ज्या जिन्याने ये-जा करत, त्या जिन्याने ती खाली उतरली.