अकरा सेकंद

“चल!” म्हणत मुंगीने मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं आणि आजीने काठी रस्त्यावर टेकली.

दवाखाना समोरच होता. पांढऱ्या पट्ट्यांवरून आजी जमेल तितक्या भराभर निघाली, पण जेमतेम मधोमध पोचते तोच दिवा लाल झाला. हॉर्नचा नुसता कल्ला! मुंगीने धावत जाऊन तिचा दंड धरला, दुसऱ्या हाताने गाड्या थोपवल्या. पलीकडे पोचून पाहिलं, तर एकवीस सेकंद झाले होते. दिवा हिरवा राहत होता अकराच.

महिन्यापूर्वी रहिवाशांनी या दिव्याची वेळ वाढवण्यासाठी अर्ज केला होता आणि प्रभाग कार्यालयाने पाहणीचं काम शाळेच्या नागरिक मंडळावर सोपवलं होतं. मंडळातल्या सहाही जणांनी दहा-दहा वेळा रस्ता ओलांडला, हसत-खिदळत. सगळे आठ सेकंदांत पार. ‘वेळ पुरेशी आहे,’ असं मुंगीने वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. त्या कागदावर बोट ठेवून कार्यालयाने अर्ज फेटाळला. सोळा वर्षांच्या पायांनी मोजलेला रस्ता! एकाही शहाण्याला म्हातारं माणूस आठवलं नाही, आणि मुंगीच्या तर घरातच होतं.

“म्हणून तू महिनाभर दवाखान्यात गुडघ्याच्या व्यायामाला गेली नाहीस?” तिने विचारलं.

“रिक्षा मिळाली नाही म्हटलं ना.”

“आजी.”

“अगं, आपल्या घरातल्या कुणाची सही पहिल्यांदाच कार्यालयात चालली. मी कशाला मोडता घालू?”

मुंगीला रडू येणार होतं, पण त्याआधी राग आला. स्वतःचाच.

मंडळाचा अध्यक्ष लंबू ऐकून हबकलाच. “भर सभेत चुकलं म्हणायचं? शोभा होईल आपली. पुन्हा कोण काम देईल आपल्याला?”

“नाही देणार तर नाही. सही माझी आहे.”

गुरुवारच्या प्रभाग सभेत नागरिकांना बोलायला तीन-तीन मिनिटं होती. मुंगीने माईक घट्ट धरला. “आमचा अहवाल चुकीचा आहे. आम्ही फक्त आमचेच पाय मोजले. तो अर्ज पुन्हा घ्या.”

नगरसेवक कौतुकाने हसले. “कबूल केलंस, शाब्बास! पण बाळा, तो विषय संपलाय. पुढच्या वर्षी बघू.”

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. लंबूने मान खाली घातली.

“माझी अजून दोन मिनिटं आहेत,” मुंगी म्हणाली. दारापासून माईकपर्यंतचं अंतर तिने दुपारीच येऊन पावलांनी मोजलं होतं. बरोबर त्या रस्त्याएवढं. “आजी, चल.”

दाराशी बसलेली आजी उठली. काठीचा टकटक आवाज येऊ लागला. सभेला आधी काही उमजेना, मग हळूहळू कुजबुज थांबली.

“लाल,” अकरा सेकंद होताच मुंगी माईकमध्ये म्हणाली.

आजी खुर्च्यांच्या मधोमध थबकली.

“या ना आजी, या पुढे,” नगरसेवक म्हणाले.

“कशी येऊ, साहेब? दिवा लाल आहे.”

कुणीच हसलं नाही. आजीही हलेना. लंबू उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. नगरसेवकांनी आधी आजीकडे पाहिलं, मग कारकुनाकडे.

“तो अर्ज पुन्हा काढा. सोमवारी मी स्वतः येतो मोजायला.”

“नऊ वाजता,” मुंगी म्हणाली. “आजीच्या व्यायामाची वेळ ती आहे. आणि तुम्ही तिच्याबरोबर चालायचं, गाडीत बसून बघायचं नाही.”

सभा संपल्यावर कारकून कागद आवरत होता. मुंगी टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“काका, या खुर्चीत बसायला वय किती लागतं?”

“माझ्या?”

“नाही, साहेबांच्या.”

कारकुनाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. “पुष्कळ वर्षं आहेत तुला अजून.”

“असू देत. फॉर्म कसा असतो, तेवढं आजच दाखवून ठेवा.”