बुरणूस घातलेली मोटार

तांबट आळीत बहिरेपण लपवायला फार कष्ट पडत नाहीत. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत तिथे अठ्ठावीस हातोडे चालत. त्यामुळे आळीत वाढलेला माणूस ओरडूनच बोले, समोरच्याच्या ओठांकडे बघे आणि जे कळलं नाही त्याला मान डोलावून मोकळा होई. परगावचा पाहुणा आला की त्याला वाटे, इथे भांडण पेटलंय. प्रत्यक्षात कुणीतरी कुणाला तरी चहाला बोलावत असे.

या आळीत भिमाजीशेठचं दुकान मोठं मानत. भांडी सगळीकडे सारखीच, पण भिमाजीशेठ ती वाजवून देत. लहान भांडं तीन बोटांवर उचलायचं, मोठं दोरीनं टांगायचं, लाकडी टिपरीनं कडेला एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. सांधा वितळल्या धातूनं नीट झाळला असेल तर नाद लांबवर जातो. केसाएवढी फट राहिली असेल तर आवाज बद्द येतो, आणि ते भांडं पुन्हा भट्टीकडे जातं. गिऱ्हाईक सिन्नरचं असो की सायखेड्याचं, 'भिमाजीकडचं वाजवलेलं आहे' म्हटलं की पुढे चौकशी नसे. चार वर्षांपूर्वी म्हाताऱ्यानं ती टिपरी मुलाच्या, त्र्यंबकच्या, हातात दिली आणि स्वतः पान खायला मोकळा झाला.

त्यानंतर एका दिवाळीत दोन घंगाळी गळतात म्हणून परत आली. त्र्यंबकनं झाळ लावणाऱ्या सोमाला फैलावर घेतलं. सोमा म्हणाला, "झाळ माझी चुकली असंल शेठ, पण वाजवलं कोणी?" त्र्यंबकनं मान डोलावली. सोमाला वाटलं, शेठनी ऐकून घेतलं. आळीत दुसऱ्या दिवशी एवढंच बोललं गेलं की अजून एक भांडं परत आलं की टिपरी चुलतभावाकडे जाईल. म्हाताऱ्याचं तसं म्हणणं होतं आणि चुलतभावाचंही.

अशात छत्तीस सालच्या उन्हाळ्यात त्र्यंबकनं मोटार घेतली. देवळालीच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याच्या भोजनघराला हंडे पुरवताना ओळख झालेली. गाडी शर्यतीच्या घाटाची, होडीसारखी लांबट, हिरवी आणि इतकी बुटकी की बसल्या बसल्या हात खाली सोडला तर रस्त्याची खडी वेचता यावी. जागा दोनच. अकरा माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी कशाला, हे कोडं आळीला सुटेना. कुणी म्हणालं, बायकोचं वेड. कुणी म्हणालं, साहेबाचं वेड. खरं कारण कुणालाच सुचलं नाही, कारण ते फारच सोपं होतं.

गाडीत बसलं की कानठळ्या बसत. इंजिनाचा गडगडाट पायाखालच्या फळ्यांतून वर येई, चाकांची खरखर मागच्या पत्र्यातून, आणि सगळा पत्रा मिळून अखंड वाजत राही. त्र्यंबकची बायको गोदा नांदगावची. तिकडे माणसं हातोड्यांवाचून जगतात, म्हणून तिला हळू बोलायची सवय. दर रविवारी नाशिक रोडच्या ठेसनापर्यंत सहा मैल जायचं, तिथे चहा घ्यायचा आणि परत यायचं, हा दोघांचा नेम. घरात नवराबायकोला बोलायला कोपरा नव्हता. गाडीत कोपरा होता, पण बोलता येत नव्हतं.

"अहो, आत्याबाईंचं औषध संपलंय," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे सासू, चिमणाबाई.

"थांबतो ना. वळण येऊ दे."

"मी औषध म्हणतेय."

"हो, हो, गवताच्या गंजीशी."

तिनं दंडाला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओरडली, "औषध!"

"असं सांग ना. या आवाजात काय ऐकू येणार? शर्यतीची गाडी आहे, तिला आवाज असायचाच."

"मग आवाज कमी करून घ्या. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसं काहीतरी घाला हिच्याखाली."

त्र्यंबकला नाही म्हणता येईना. आवाजावर खापर त्यानंच फोडलं होतं. नाही म्हणायचं तर दुसरं कारण सांगावं लागलं असतं.

चौक मंडईत निसार पिंजाऱ्याचं दुकान होतं. तो बुरणूस करी: मेंढीची लोकर भिजवून, तुडवून, वळकटी करकरून बनवलेलं बोटभर जाड कापड, जे टांगेवाले खोगिराखाली घालतात. त्र्यंबकनं गाडी दारात उभी केली आणि म्हणाला, "निसारभाई, हिला गोधडी शिवायची."

"का? थंडी वाजते बिचारीला?"

"बायकोला बोलायचं असतं."

"मग शेठ, गाडीला कशाला? आपल्या कानांना घाला. बायको बोलते आणि आपण सुखी."

पण निसार कामाचा माणूस होता. सतरंजी अंथरून गाडीखाली शिरला, अर्ध्या तासानं बाहेर आला आणि म्हणाला, "आवाज दोन वाटांनी येतो. एक भोकांतून, एक पत्र्यातून. भोकं मी बुजवतो. पत्रा वाजतो त्याचं काय करायचं, ते तुम्ही तांबट लोक सांगा."

ते त्र्यंबकला माहीत होतं. नक्षीकामाच्या वेळी भांड्यात राळ ओततात, म्हणजे पत्रा मुका होतो. त्यानं राळ आणि डांबर एकत्र उकळून दाराच्या आतल्या अंगाला, मागच्या चाकांच्या कमानींना आणि तळाला जाड लेप दिला. निसारनं त्यावर बुरणूस डकवला. पायाखालच्या फळ्या उपसून त्यांच्याखाली दुहेरी थर घातला. ब्रेक आणि क्लचच्या दांड्या जिथून वर येतात त्या भोकांना चामड्याच्या टोप्या शिवल्या. फळ्याफळ्यांमधल्या फटींत लोकरीच्या वाती ठोकल्या. तीन दिवस काम चाललं. शेवटी निसारनं दारावर बोटानं टकटक केलं. "ऐका."

त्र्यंबकनं दारावर तळहात ठेवला. "बसला आवाज."

"मी कानाला विचारलं शेठ, तुम्ही हातानं जबाब देता."

"तांबटाचे कान हातातच असतात," त्र्यंबक हसला. निसार हसला नाही. त्यानं सतरंजी झटकली.

रविवारी सकाळी दोघं निघाली. वारा लागत होता तेवढाच. बाकी गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. गोदाला रस्त्याकडेच्या बाभळीत घुमणारे होले ऐकू आले, मागून येणाऱ्या मोटारबसचा भोंगा ऐकू आला. त्र्यंबकनं गाडी बाजूला घेतली नाही. बस अंगाला घासून पुढे गेली तेव्हा तो दचकला आणि ड्रायव्हरच्या नावानं ओरडला, "भोंगा वाजवायला काय झालं होतं?"

गोदानं त्याच्याकडे वळून पाहिलं.

ठेसनासमोर टांग्यांच्या रांगेशी त्यानं गाडी उभी केली. चहावाल्याला हाक मारली. कप गाडीतच आले. इंजिन हळू चालू होतं. चहा झाला, कप परत गेले. त्र्यंबकनं पाय फळीवर ठेवला, जरा थांबला, पुन्हा ठेवला. आजवर इंजिन चालू की बंद, हे त्याला तळव्यांतून कळे. आज तळव्याखाली दुहेरी बुरणूस होता. त्याला वाटलं, गाडी बंद पडली. त्यानं सेल्फचं, म्हणजे इंजिन सुरू करायचं, बटण दाबलं.

चालत्या इंजिनाला सेल्फ मारला की आतल्या चक्रांचे दात एकमेकांना खातात. असा कर्कश आवाज झाला की काळू टांगेवाल्याचं घोडं दोन पायांवर उभं राहिलं. अख्खी रांग वळली. त्र्यंबकनं बटण पुन्हा दाबलं.

"ओ शेठ!" काळू लगाम खेचत ओरडला. "चालू हाय की गाडी! कशापायी मारता तिला?"

टांगेवाले हसले. त्र्यंबकही त्यांच्याकडे बघून हसला, आणि तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला. गोदानं तो हात धरला. दुसऱ्या हातानं तिनं त्याचा तळहात उचलून पुढच्या पत्र्यावर ठेवला, बॉनेटला लागून, जिथे बुरणूस नव्हता. तिथे थरथर होती. त्याच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

परतीच्या वाटेवर ती समोर बघत, घरात बोलते तशा आवाजात म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

तो रस्ता बघत राहिला. तिनं खांद्याला हात लावला. त्यानं मान वळवली. तिनं तेच, तेवढ्याच आवाजात, पुन्हा विचारलं. या वेळी त्यानं ओठ वाचले आणि गाडी कडेला घेतली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. डावा आधी गेला. उजव्यानं थोडं येतं."

तिच्या आता लक्षात आलं, की दुकानात तो नेहमी उजवं अंग गिऱ्हाइकाकडे करून का बसतो.

"आणि ही गाडी?"

"हिच्यात सगळेच बहिरे होतात," तो म्हणाला. "बरोबरीचं वाटतं."

"भांडी कशी वाजवता मग?"

त्यानं तळहात दाखवला. "नाद हाताला लागतो. दहातली नऊ बरोबर निघतात."

"दहावं परत येतं."

त्यानं तळहात मिटला. शुक्रवारी मठाची बारा मोठी तपेली द्यायची होती. बारांत एक गळकं निघालं, की टिपरी गेली; आणि टिपरीशिवाय त्र्यंबक म्हणजे अठ्ठावीस हातोड्यांतला एक हातोडा, हे दोघांना सांगायला नको होतं.

घरी आल्यावर गोदा सासूकडे गेली. चिमणाबाई माजघराच्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. गोदानं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"तुझ्या सासऱ्यांना पंचवीस वर्षं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"पण तेच तर भांडी वाजवायचे!"

"वाजवायचे ते. ऐकायची मी. या दारातून दुकानातली गादी दिसते. चांगलं असलं की मी सूप पाखडत राहायची. बद्द आलं की थांबायची. त्यांचं लक्ष सुपावर असायचं आणि गिऱ्हाइकाचं त्यांच्यावर."

गोदा बघतच राहिली. "मग ह्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यानं मला विचारलं का? पोराला वाटलं, बापाचा कान शेवटपर्यंत शाबूत होता आणि आपलाच गेला. बापानंही तसंच वाटू दिलं." म्हातारीनं सुपातला खडा उचलून फेकला. "मी बसले असते गं. पण आता मलाच मेलं नीट ऐकू येत नाही. तू बस. शिकण्यासारखं काही नाही. सूप तेवढं पाखडता आलं पाहिजे."

शुक्रवारी मठाचा कारभारी आला. जाडा, घाम पुसणारा, घाईचा माणूस. बारा तपेली ओळीनं टांगलेली. सोमा भट्टीशी, भिमाजीशेठ लोडाला टेकून, चार कारागीर हातोडे ठेवून उभे, कारण भांडी वाजताना आळीचा हा एक कोपरा तरी गप्प करायचा रिवाज होता. त्र्यंबकनं टिपरी घेतली. गोदा दाराशी सूप घेऊन बसली; सुपाची खूण तिनं त्याला आधीच गाडीत बसून समजावली होती.

पहिलं वाजलं. सूप हललं. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. सातव्याला त्यानं टोला दिला आणि सवयीनं तळहात टेकवला. हाताला नाद चांगला लागला. त्यानं दाराकडे पाहिलं. सूप थांबलेलं होतं.

त्यानं पुन्हा टोला दिला, पुन्हा हात टेकवला. हात म्हणत होता, ठीक आहे. हे तपेलं त्यानं स्वतः ठोकलं होतं, पाच दिवस. त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. गोदानं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"झालं का?" कारभारी म्हणाला. "छान वाजतंय की. बैलगाड्या उन्हात उभ्या आहेत."

"हे देत नाही," त्र्यंबक म्हणाला.

"का? मला तर चांगलं वाटलं."

इथे सांगायला दहा कारणं होती. कड वाकडी आहे, कल्हई पातळ आहे, काहीही. भिमाजीशेठ लोडावरून सरळ झाले. त्यांना शब्द कळले नव्हते, पण मुलाचं तोंड दिसत होतं.

"तुम्हाला वाटून काय उपयोग?" त्र्यंबक म्हणाला. "मला ऐकू येत नाही. हिला येतं. ही नाही म्हणतेय."

कारागीर एकमेकांकडे बघू लागले. सोमानं भट्टीतला चिमटा तसाच हातात धरला. दाराआडून चिमणाबाईंचा आवाज आला, "घ्या! पंचवीस वर्षं झाकलं ते चार माणसांत उघडं केलं."

"काय म्हणाला तो?" भिमाजीशेठनी विचारलं.

कारभाऱ्यानं सोमाला पाणी आणायला सांगितलं. दोन घागरी तपेल्यात ओतल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग सांध्याच्या खालच्या वळणावर एक थेंब जमला, फुगला आणि सुटला.

कारभारी उपरणं खांद्यावर टाकून गादीच्या कडेला बसला. त्यानं आधी त्र्यंबककडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग बाकीच्या अकरांकडे.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही इकडे पुढे येऊन बसा. पहिली सहा पुन्हा वाजवून घ्या, मग उरलेली पाच. सुपाचं मला काही कळत नाही, तोंडानं सांगा."

गोदानं सासूकडे पाहिलं. सासूनं पाट पुढे सरकवला.

"वेळ लागेल," गोदा म्हणाली आणि पाट घेऊन बाहेर आली. "गाड्या सावलीत लावायला सांगा."