चार सेकंदांची प्राणज्योत

प्रदर्शनाच्या मैदानावर दर शनिवारी संध्याकाळी आठला आतषबाजी व्हायची. पण लोक आभाळ सोडून एका टीव्हीच्या पडद्याकडे माना वळवून बसायचे, कारण पडद्याशेजारी तेजबाबा उभे असत. अंगात पायघोळ पांढरी कफनी, पाय अनवाणी आणि पुढ्यात ट्रायपॉडवर चढवलेला कॅमेरा.

"भक्तहो, आभाळात फुटते ती नुसती शोभेची दारू नाही! ते तुमच्या प्राणज्योतीचं प्रतिबिंब आहे. माणूस खोटं बोलेल, कॅमेरा बोलत नाही!"

मी वीस वर्षे पासपोर्टचे फोटो काढते. कॅमेरा किती खोटे बोलतो ते मला विचारा. अर्ध्या गावाच्या दुहेरी हनुवट्या मी कमी करून दिल्या आहेत.

बाबांची रीत ठरलेली होती. भक्ताने आतषबाजीकडे पाठ करून उभे राहायचे. बाबा बटण दाबत, फ्लॅश लखकन उडे आणि ते लगेच दोन्ही हात उंचावून चारदा "तेज!" म्हणत. मग फोटो पडद्यावर येई. कोणाच्या मागे रंगीत रेषा अगदी रेखीव, कोणाच्या मागे भूकंप झाल्यासारख्या नागमोडी. चेहरा मात्र दोन्हींत स्वच्छ. नागमोडीवाल्याची ज्योत थरथरते आहे म्हणे. त्याने बाबांचे तांब्याचे कडे घालायचे, अकरा शनिवार यायचे आणि तोवर औषधाला शिवायचे नाही, अंगाला सुरी लावू द्यायची नाही. मैदानाचा ठेकेदार, मंडपवाला आणि वीजजोडणी देणारा साहेब, यांच्या ज्योती मात्र पट्टीने आखल्यासारख्या सरळ निघाल्या.

माझ्या आत्याची थरथरली.

आत्या शिंपीण. मला तिनेच लहानाचे मोठे केले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गेल्या महिन्यात तिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या आणि त्याच आठवड्यात मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. सोमवारी ऑपरेशन ठरले होते. "आणखी थांबलात तर अवघड होऊन बसेल," असे डॉक्टरीणबाईंनी बजावलेही होते.

"ऑपरेशन रद्द," कडे चाचपत आत्या म्हणाली.

"अगं, कॅमेरा हलवला त्याने!"

"मग माझं तोंड कसं नाही हललं?"

मी समजावले. फ्लॅश निमिषभरच उडतो, अंधारातले तोंड तेवढ्यात टिपले जाते. शटर मात्र पुढे चार सेकंद उघडेच राहते. त्या वेळात ठिणग्या जिथून जिथून जातात तिथे तिथे रेषा उमटते. तेव्हा कॅमेऱ्याला धक्का बसला की रेषा वाकड्या. "आणि हे बघ, मागच्या दुकानाच्या बल्बचीही तशीच नागमोडी झालीय. बल्बचाही प्राण थरथरतो का?"

"मला बल्ब रोज तसेच दिसतात, बाई."

मी कपाळावर हात मारला.

"आणि धक्का दिला कोणी? दोन्ही हात वर असतात त्यांचे."

गेले आठ दिवस मला तरी दुसरे काय कोडे पडले होते?

ऑपरेशनच्या आदल्या शनिवारी मीच रांगेत उभी राहिले. बाबांनी मला ओळखले; माझी कुरकुर त्यांच्या कानावर गेली असावी.

"कॅमेऱ्यावर पोट भरतेस आणि त्याच्यावरच शंका घेतेस? तुझी ज्योत मला इथूनच विझताना दिसतेय!"

गर्दी हळहळली. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. आभाळात पहिला बाण फुटला, फ्लॅश उडाला, बाबांचे हात वर गेले आणि आत्या चाचपडत पुढे धावली.

"बाबा, माझं काय व्हायचं ते होऊ द्या! पण पोरीला वाचवा!" तिने खाली बसून कफनीसकट त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरले.

मला बाबांचा संताप आला आणि आत्यासाठी रडू आले. इतक्यात तिचा सूरच बदलला.

"बाबा, हा अंगठा काय करतोय?"

"कसला अंगठा? सोड, माई!"

"या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायाला ढुशी मारायला बघतोय. चाळीस वर्षं पायानं मशीन चालवलीय मी. पाय नुसता टेकलाय की कामाला लागलाय, ते मला डोळ्यांनी बघावं लागत नाही!"

पडद्यावर माझा फोटो आला. सगळ्या रेषा सरळ. ठेकेदाराच्या होत्या त्याहून सरळ.

"माईंच्या भक्तीनं वाचली!" बाबा गडी हुशार. दोघांतिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"मग आता बाबांचीच ज्योत बघू," मी म्हणाले. गर्दीपुढे नाही म्हणायची सोय नव्हती, ते आतषबाजीकडे पाठ करून उभे राहिले. फ्लॅश चालू, शटर चार सेकंद, सगळे त्यांनीच लावून ठेवले होते. मी बटण दाबले, हात वर केले आणि "तेज, तेज" म्हणत ट्रायपॉडला सर्वांदेखत चपलेने तीन ढुशा दिल्या.

पडद्यावर बाबा शांत, मागे प्रलय.

"अहो, माझा बल्बपण थरथरतोय!" दुकानदार ओरडला.

"बाबा, कडं घाला!" कोणीतरी म्हणाले आणि मैदान खदाखदा हसले. बाबांनी कफनी गुडघ्यापर्यंत उचलली आणि कॅमेरा तिथेच सोडून मंडपामागे धूम ठोकली.

हसू ओसरल्यावर एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ आले. कडे काढता काढता त्यांनी हळूच विचारले, "महिना झाला, मी हृदयाची गोळी बंद केलीय. आता काय करू?"

आसपासचे कोणी हसले नाही. आत्याच त्यांचा हात धरून म्हणाली, "चला माझ्याबरोबर दवाखान्यात, आत्ता. मला माझी सोमवारची जागा शाबूत आहे का तेही विचारायचंय."

मंडळी, आतषबाजी जरूर बघा, फोटोही काढा. ट्रायपॉड घट्ट रोवा, म्हणजे तुमचीही ज्योत सरळ येईल. पण कोणी हात वर करून चमत्कार दाखवू लागला, तर त्याचे पाय काय करताहेत ते बघा आणि सर्वांसमोर विचारा. विचारल्याने कोणाचा जीव जात नाही. त्या गृहस्थांचा न विचारल्याने गेला असता.